ट्रॅक डेसाठी परवडणारे टायर: कोकणातून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

रत्नागिरीहून कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे घ्या किंवा चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट घ्या, एका बाजूचे हजार-अकराशे किलोमीटर होतात. ट्रेलर आपल्यापैकी फार थोड्यांकडे. म्हणजे ज्या टायरांवर ट्रॅक मारायचा, त्याच टायरांवर आंबा घाट चढून जायचं आणि त्याच टायरांवर तो उतरून घरी यायचं. चेन्नई-बंगळूरकडच्या मंडळींचे सल्ले आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते यामुळेच. वर्षभर येत राहणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ट्रॅक डे म्हणजे शर्यतच ना? मग शर्यतीचे टायर नकोत का?

शर्यत नाही. आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर नेऊन चालवायचा दिवस. पंधरा-वीस मिनिटांचं सेशन असतं, ओव्हरटेक ठरलेल्या ठिकाणीच करायचा, नंबर-बिंबर कोणी काढत नाही. गाडी पासिंगची, नंबरप्लेटची, तुमची रोजचीच. त्यामुळे टायरही रस्त्यावर चालणारेच लागतात. कारीच्या किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर जेके, एमआरएफ ही नावं मोठ्या अक्षरांत दिसतात आणि माणूस चेकाळतो. पण त्या स्पर्धांमधले स्लिक (बिनखाचांचे) टायर आणि आपल्या दुकानात त्याच नावाने मिळणारा टायर यांत फक्त नावापुरतंच नातं आहे.

२. पहिल्यांदाच चाललोय. गाडीला आहेत तेच टायर चालतील का?

चालतील, आणि पहिल्या वेळी तेच न्या. नवीन माणसाची वेळ टायर खात नाही, चुकीची लाइन (वळणातली गाडीची वाट) आणि उशिरा लागलेला ब्रेक खातो. साधा टायर हळूहळू सुटतो, सुटण्याआधी किंचाळून सांगतो. शिकायला असा बोलका टायर बरा.

निघण्याआधी चार गोष्टी बघा: टायर पाच-सहा वर्षांपेक्षा जुना नको, साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) फुगा किंवा चीर नको, ट्रेड (रस्त्याला टेकणारा खाचांचा थर) चारही टायरांवर साधारण सारखा हवा, आणि पंक्चर कुठे, कशी काढली आहे ते माहीत हवं (प्रश्न १२). गाडी महामार्गाच्या कामाच्या डायव्हर्जनमधून रोज जात असेल तर आतल्या बाजूची साइडवॉलही गाडी वर घेऊन बघा. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या टायरला आत अंड्याएवढा फुगा मी स्वतः पाहिलाय. सुदैवाने तो घरच्या खळ्यात दिसला.

आणि टायरला पैसे ठेवले असतील तर त्यातले थोडे आधी ब्रेक फ्लुइडला द्या. हे फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडची हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. डॉट ४ दर्जाच्या नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो; पाणी ओढलेल्या फ्लुइडसाठी हीच मर्यादा १५५ अंश धरली आहे. पेडल जमिनीला टेकलं की टायर कुठला होता हे कोणी विचारत नाही.

३. ‘परवडणारा’ म्हणजे नक्की किती रुपयांचा?

दुकानातली किंमत हा अर्धाच हिशोब. एका फेरीत जाऊन-येऊन २,२०० किलोमीटर होतात. रस्त्यावर १०,००० किलोमीटर टिकणारा मऊ टायर घेतलात, तर ट्रॅकवर एकही लॅप न मारता त्याचा पाचव्या हिश्शाहून जास्त भाग हुबळी-बंगळूरच्या डांबरावर पुसून येतो. बंगळूरच्या माणसाला हा खर्च जवळजवळ लागत नाही.

म्हणून मी असा हिशोब करतो: चार टायरांची किंमत, त्यात रस्त्यावर जाणारी झीज, ट्रॅकवर जाणारी झीज, आणि पावसाळ्यात तो टायर वापरता येतो की काढून ठेवावा लागतो. समजा साधा चांगला टायर ६,००० चा आणि सेमी-स्लिक, म्हणजे कमी खाचांचा, ट्रॅककडे झुकलेला टायर, १२,००० चा. किंमत दुप्पटच दिसते. पण सेमी-स्लिक जूनमध्ये उतरवावा लागतो, म्हणजे दुसरा सेट आला, दुसऱ्या रिम आल्या, त्या ठेवायला जागा आली. वर्षातून एक-दोनदा ट्रॅकला जाणाऱ्याला हे परवडत नाही. माझ्या लेखी आपल्यासाठी परवडणारा टायर म्हणजे चांगल्या कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा), कडक साइडवॉलचा, ओल्या रस्त्यावर विश्वासाचा रोड टायर. पुढची बरीच उत्तरं याच मताची आहेत, आधीच सांगून ठेवतो.

४. टायरवर एवढे आकडे असतात, त्यातले ट्रॅकसाठी कुठले बघायचे?

उदाहरणार्थ १८५/६० आर १५ ८४ एच. रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची. ८४ हा भाराचा अंक, म्हणजे एका टायरला ५०० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०.

‘माझी गाडी १९० जातच नाही, मग एच कशाला?’ हे हमखास विचारतात. वेगासाठी नाही, उष्णतेसाठी. वरच्या दर्जाचा टायर जास्त तापमान सोसेल असा बांधलेला असतो, आणि ट्रॅकवर टायर मरतो तो तापून. मिळत असेल तर व्ही घ्या. बाजूला एक्सएल असं लिहिलं असेल तर तो जास्त भाराचा टायर. साइडवॉल सहसा कडक, वळणात कमी दुमडते, खड्ड्यात मात्र कंबर दाखवते.

तारीख चार अंकी असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वर्ष-दीड वर्ष गोदामात नीट ठेवलेला टायर ट्रॅकसाठी वाईट नसतो आणि दुकानदार त्यावर भाव सोडतो. घासाघीस करायची ती इथे.

५. ट्रेडवेअर २०० म्हणजे काय? कमी आकडा तेवढा चांगला टायर ना?

ही अमेरिकी पद्धत. टेक्सासमधल्या ठरावीक रस्त्यांवर ताफ्याने ७,२०० मैल गाड्या चालवून, एका प्रमाण टायरच्या तुलनेत झीज मोजतात. प्रमाण टायर १०० धरला तर २०० वाला दुप्पट टिकणारा. गोम अशी की आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांत तुलना करायला तितकासा नाही.

ढोबळ मानाने ४०० च्या वरचे म्हणजे टिकाऊ आणि मायलेजवाले. ३०० च्या आसपासचे स्पोर्टी रोड टायर. २०० आणि खाली आलात की ट्रॅककडे झुकलेले, आणि १०० च्या आसपास टोयो आर८८८आरसारखे जवळजवळ ट्रॅकचेच. आपल्या कामाचा पट्टा २८० ते ४००. त्याच्याच शेजारी ट्रॅक्शनचं (पकडीचं) आणि तापमानाचं अक्षर असतं. तापमानाला ए नसेल तर तो टायर ट्रॅकसाठी घेऊ नका. ही एक अट मी कुणालाच सैल करत नाही.

६. सेमी-स्लिक रस्त्यावर कायद्याने चालतो का?

तो कुठला आहे यावर. प्रवासी गाडीच्या टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९४ प्रमाणे चारचाकीच्या टायरचा ट्रेड १.६ मिलिमीटरच्या खाली गेला की तो रस्त्यावर बाद. माप आणि भार गाडीला ठरवून दिल्याप्रमाणे हवं. या अटी पाळणारा सेमी-स्लिक रस्त्यावर येऊ शकतो. ज्यावर ‘फक्त स्पर्धेसाठी’ असा शिक्का आहे तो नाही, मग त्याला खाचा कितीही सुंदर असोत.

७. मग कोकणात सेमी-स्लिक वापरायला हरकत काय? कायदेशीर आहे म्हणालात!

हरकत पावसाची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. सेमी-स्लिकला खाचा कमी, खोली कमी, आणि रबर तापल्याशिवाय चिकटत नाही. भर पावसात घाटात तो तापत नाही आणि पाणीही पुरेसं फेकत नाही. त्यात रस्त्यावर जांभ्याची लाल माती वाहून आलेली असली की ती साबणासारखी.

‘मी पावसाळ्यात काढून ठेवीन’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. आपला पाऊस ऑक्टोबरात आटपला म्हणून आपण खूश होऊन चेन्नईला निघतो, आणि ईशान्य मोसमी पाऊस तिथे तेव्हाच सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा पावसाळा. मी एका नोव्हेंबरात घरून कोरड्या रस्त्याने निघालो आणि ट्रॅकवर वायपर लावून चार लॅप मारले. साधे टायर होते म्हणून चार तरी मारता आले.

८. कोणी म्हणतं ट्रॅकला नवे टायर नेऊ नका, अर्धे झिजलेले न्या. खरं का?

खरं, आणि यातच आपल्या लोकांची खरी बचत आहे. नव्या रोड टायरचा ट्रेड साधारण आठ मिलिमीटर उंच असतो. जोराच्या वळणात ते उंच ठोकळे डोलतात, डोलल्याने तापतात, तापले की कडेने तुकडे निघतात. चार-पाच मिलिमीटर उरलेला तोच टायर कोरड्या ट्रॅकवर जास्त नेमका वाटतो आणि कमी तापतो. पावसासाठी नेमकं उलटं, तिथे खोलीच कामाची.

म्हणून कोकणाचं कॅलेंडर लावा. मेअखेर, मृगाच्या आधी, नवे टायर घाला. पूर्ण खोलीचा ट्रेड जून ते सप्टेंबर कामाला येईल. गणपतीला घरी येणाऱ्यांच्या खेपा, घाट, सगळं त्यावर होऊ दे. दुसरा पावसाळाही त्यावर काढा. त्यानंतरच्या जानेवारी-मार्चमध्ये ट्रेड निम्म्यावर आलेला असेल. तेव्हा त्यांना ट्रॅक दाखवा आणि पुन्हा मेमध्ये बदला. टायर एरवीही फेकायचेच होते. त्यांचं शेवटचं रबर ट्रॅकवर गेलं, एवढंच. ज्याची गाडी वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर फिरते त्याला हे चक्र अगदी बसतं. कमी फिरणाऱ्याला प्रश्न २ मधली वयाची मर्यादा आधी गाठते.

निघताना चार मिलिमीटरच्या खाली नको. माझ्या हॅचबॅकच्या पुढच्या टायरांचं कारीवरच्या एका दिवसात दीड मिलिमीटर गेलं होतं, आणि परतीचे अकराशे शिल्लक होते.

९. माझ्या गाडीला १६ इंची अलॉय आहेत. १५ वर उतरलो तर स्वस्त पडेल, पण लोक हसतील ना?

हसू देत. १६ इंची १९५/५५ आर १६ चा बाहेरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर. १९५/६० आर १५ चा ६१५. फरक एक टक्क्याहून कमी, म्हणजे स्पीडोमीटर फारसा बिघडत नाही. १५ इंची टायर सहसा स्वस्त, चाक हलकं, आणि साइडवॉल थोडी जास्त असल्याने आपल्या खड्ड्यांत रिम वाचते. भाराचा अंक मूळ टायरपेक्षा कमी नको, एवढं पाहा.

आधी बघायचं ते हे: तुमच्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला कंपनी १५ इंची चाक देते का? देत असेल तर ते मापही कंपनीचंच, कागदोपत्री वाद नाही आणि बोल्टचं वर्तुळ, ऑफसेट जुळण्याची काळजी नाही. मात्र वरच्या व्हेरियंटचे ब्रेक मोठे असतील तर १५ ची रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासते, म्हणून एक चाक चढवून, हाताने फिरवून बघितल्याशिवाय चार घेऊ नका. साध्या लोखंडी रिमही चालतात. खड्ड्यात वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला की गेला. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी लोखंडी रिमची आतली कड, जिथे टायर बसतो ती, गंजलीय का हे दर वर्षी बघावं. तिथूनच हवा हळूहळू जाते आणि पंक्चरवाला बिचारा पंक्चर शोधत बसतो.

१०. गाडी पुढच्या चाकांवर ओढते. फक्त पुढचे दोन भारी टायर घातले तर?

नको. पुढे चिकट आणि मागे कडक म्हणजे वळणात पुढचं नाक आत जातं आणि शेपूट बाहेर. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात की गाडी फिरलीच. ट्रॅकवर बाजूला मोकळी जागा असते, आंबा घाटात दरी असते. चारही एकसारखे. दोनच नवे घ्यायचे झाले तर ते मागे, हे ऐकून पुष्कळ जण वाद घालतात. कारण वर दिलंय तेच.

११. हवा किती ठेवू? कोणी वाढवा म्हणतं, कोणी कमी करा.

दोघंही अर्धे बरोबर. सकाळी ३० अंशांत थंड टायरमध्ये ३० पीएसआय भरली आणि सेशनमध्ये आतली हवा ७० अंशांवर गेली, तर मापात ३६ च्या आसपास दिसेल. भौतिकशास्त्र आहे, टायरच्या ब्रँडशी संबंध नाही. साध्या हॅचबॅकला गरम असताना ३५ ते ३८ दरम्यान पुढचे टायर ठेवून सुरुवात करा. साइडवॉलच्या वरच्या टोकाशी पांढऱ्या खडूची रेघ मारा. सेशननंतर रेघ साइडवॉलवर खालपर्यंत पुसली गेली असेल तर टायर दुमडतोय, हवा वाढवा. रेघ ट्रेडच्या कडेलाही पुसली गेली नसेल तर हवा थोडी कमी करा.

प्रत्येक सेशन संपलं की गाडीतून उतरल्या उतरल्या मोजा. स्वतःचं माप न्या, पंपावरच्या मापावर विसंबू नका. आणि हँडब्रेक ओढू नका, गाडी गियरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. तापलेले पॅड डिस्कला किंवा ड्रमला चिकटून राहायला नकोत.

आता खरी चूक कुठे होते? दिवसभर गरम टायरमधली हवा सोडत सोडत तुम्ही ३४ वर आणता. रात्री टायर थंड होतो आणि २८ वर येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन माणसं, सामान आणि कोइम्बतूरहून घेतलेल्या पिशव्या भरून तुम्ही २८ वर अकराशे किलोमीटर निघता. निघण्याआधी कंपनीच्या मापाला हवा भरा. नायट्रोजन असो वा साधी, आकडा तोच.

१२. पंक्चर काढलेला टायर ट्रॅकवर न्यावा का?

बाहेरून दोरी ठोसून काढलेली पंक्चर असेल तर नाही. ट्रेडच्या मधोमध, आतून मशरूम पॅच लावून काढलेली एखादी असेल तर मी नेतो. खांद्याजवळची किंवा साइडवॉलची असेल तर तो टायर रस्त्यावरही नको. चिऱ्याच्या खाणीकडच्या वाटेने जाणाऱ्यांच्या टायरांत चार-चार दोऱ्या असतात आणि त्यांना त्या आठवतही नाहीत. पाणी लावून मोजा.

१३. ट्रॅकवरच कोणी वापरलेले स्लिक स्वस्तात देत होता. आणि रिमोल्ड?

स्लिक: रस्त्यावर बेकायदा, म्हणजे वेगळे न्यावे लागणार (प्रश्न १५). शिवाय रबर पुन्हा पुन्हा तापून थंड झालं की कडक होतं. दिसायला जाड, पकडायला लाकूड. विकणारा ते ज्या कारणासाठी काढतोय तेच कारण तुम्ही विकत घेताय.

रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवा ट्रेड चढवलेला: ट्रकच्या मागच्या धुऱ्याला त्याची जागा आहे. ट्रॅकवर नाही.

१४. परदेशातून मागवले तर नानकांग, फेडरल वगैरे कंपन्यांचे टायर स्वस्त मिळतात म्हणे?

तिथे स्वस्त असतात हे खरं. पण जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीला सरकारी परवाना लागतो, वर आयएसआयची अट आहेच. कोणी ‘मी आणून देतो’ म्हणालं तर चिन्ह, तारीख आणि बिल, तिन्ही बघून मगच पैसे. आणि घाटात एक टायर फाटला तर जोडीचा दुसरा कुठून आणणार, हेही विचारा. इथे मिळणाऱ्या टायरांतच मापाप्रमाणे मिशेलिन, योकोहामा, अपोलो, एमआरएफ यांचे पुरेसे पर्याय असतात.

१५. दुसरा सेट गाडीतूनच न्यायचा झाला तर?

हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडून चार चाकं बसतात, पण मग माणसं बसत नाहीत. ब्रेक मारल्यावर वीस किलोचं चाक पुढे येऊ नये म्हणून पट्ट्याने बांधा. जाणारे दोघं-तिघं असाल तर एक गाडी सामानाला ठेवणं सोपं. नट कंपनीच्या टॉर्कला आवळा आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासा, हे विसरणारे दर वेळी एक-दोन भेटतात.

१६. ट्रॅकवर टायर फुटून गाडी ठोकली तर विमा मिळेल?

खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ‘ही शर्यत नव्हती’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. मिळणार नाही असं धरूनच जा, आणि तेवढंच जोरात चालवा.

१७. ट्रॅकचा सेट पावसाळ्यात कुठे ठेवू?

पडवीत नको. ऊन, खारा वारा आणि पागोळ्यांचं पाणी तिन्ही तिथे येतं. इन्व्हर्टर, पंपाची मोटर किंवा वेल्डिंगच्या शेजारी नको, तिथे तयार होणारा ओझोन रबराला चिरा पाडतो. धुऊन, पूर्ण सुकवून, काळ्या प्लास्टिकात घट्ट बांधून आतल्या अंधाऱ्या खोलीत. रिमवर असतील तर आडवे रचा, नुसते टायर उभे. चकाकीचं पॉलिश चोपडू नका. उघड्यावर ठेवलेल्या टायरात पाणी साचून डास होतात आणि मग आरोग्यसेविका दारात येऊन सगळ्या वाडीसमोर बोलते.

१८. नवे टायर घातलेत. आंबा घाटात जरा टेस्ट करून बघू का?

नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ बाजूलाच ठेवा. पुढच्या वळणावर एसटी आहे, चिऱ्याचा ट्रक आहे, नाहीतर रवंथ करत बसलेली म्हैस आहे. नव्या टायरचे पहिले दोनेकशे किलोमीटर तर आरामातच घाला, वरचा गुळगुळीत थर जायला हवा.

१९. ट्रॅक संपला, पुढचा डावा टायर झिजेच्या खुणेला टेकलाय आणि घर अकराशे किलोमीटर. आता?

ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरणारा असेल तर उजवी वळणं जास्त, म्हणून पुढचा डावाच आधी जातो. दुपारच्या जेवणाला तो बघायची सवय लावा. नुसता खांदा झिजला असेल आणि मध्ये ट्रेड असेल, तर तो मागे टाका, मागचा पुढे आणा आणि सावकाश या. खुणेला म्हणजे १.६ ला टेकला असेल तर स्टेपनी लावा, तीही पूर्ण मापाची असेल तरच. अरुंद स्टेपनीवर ८० च्या वर जायचं नसतं, त्या हिशोबाने घर दोन दिवस लांब पडेल. तेही जमत नसेल तर कोइम्बतूर किंवा होसूरला टायर घ्या. १८५/६५ आर १५ सारखं चालू माप असेल तर अर्ध्या तासात मिळतो. माझ्या एका मित्राने हौसेने आडवं माप घातलं होतं. तो दोन रात्री लॉजवर राहिला आणि टायर बंगळूरहून बसने आला.